ओढीचं बटण

ओढ आता दवाखान्यात मिळते. हरभऱ्याच्या डाळीएवढं बटण असतं. कानामागं कातडीखाली सारतात, एक टाका घालतात, बाई चालत घरी येते. कंपनीनं नावच 'ओढ' ठेवलंय. जाहिरातीत एक गोरीपान बाई बाळाची टाळू हुंगते आणि खाली अक्षरं येतात, 'माया तुमचीच, आम्ही फक्त हाक मारतो.' ते बटण मी माझ्या सुनेला बसवायला लावलं. गावातल्या बायका म्हणतात, विजयमालाबाईंनी बळजबरी केली. म्हणू देत. त्यांच्या सुना पुण्याहून फोनवर तोंड दाखवतात आणि तेवढ्यावर त्या महिना काढतात. माझी सून माझ्या घरात होती.

सून म्हणजे ईश्वरी, माझ्या एकुलत्या एका लेकाची, रणधीरची बायको. तिची आई ती लहान असतानाच गेली. बाप फौजेत, आज इथं उद्या तिथं. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते सासरी, आमच्याकडंच करायचं मी ठरवलं. आमचं घर तासगावच्या बाहेर, द्राक्षबागेत. बेदाण्याच्या शेडमधले पंखे आता आपले आपण चालू होतात, आपले आपण थांबतात. फवारणीला वरनं यंत्र उडतं. पूर्वी शेडवर वीस बायका असायच्या आणि मी ओरडले की वीस माना वर व्हायच्या. आता ओरडायला माणूस शिल्लक नाही. नातवंड आलं की घरात आवाज होईल, मांडीवर ऊब येईल, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी.

मुलगी झाली. काळेभोर केस, नाक आमच्या घरचं. नर्सनं तिला ईश्वरीच्या छातीशी धरलं, तर ईश्वरी छताकडं बघत राहिली. बाई मेथी निवडताना मेथीकडं तरी बघते. हिनं लेकीकडं बघितलं नाही. दूध उतरेना.

"काय गं, तुझंच आहे ना ते?" मी विचारलं.

"माझंच आहे, आत्या." आमच्याकडं सून सासूला आत्याच म्हणते.

"मग बघ की तिच्याकडं."

"बघते. पण मला काही होतच नाही."

रडली असती तरी चाललं असतं. तिनं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

डॉक्टर इंदुलकर म्हणून एक बाई होती त्या दवाखान्यात. केस पुरुषी कापलेले, पण बोलायला मऊ. ती म्हणाली, "आजी, काही जणींना होतं असं. हा आजार आहे, तिचा दोष नाही. औषध देऊ, आराम देऊ. दोन-तीन महिन्यांत बहुतेकजणी सावरतात."

"आणि तोवर पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं? तुमच्या?"

तेव्हा तिनं बटणाचं नाव काढलं. काढलं म्हणजे मीच काढायला लावलं. जाहिरात मी बघितलीच होती.

मला चौथीनंतर शाळा माहीत नाही, पण समजावून सांगितलं तर समजतं. इंदुलकरबाईनं काचेच्या पाटीवर डोकं काढून दाखवलं. दोन भुवयांच्या मागं, मेंदूच्या पार तळाशी, वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबते. पोर प्यायला लागलं की छातीतल्या नसा वर मेंदूला सांगावा नेतात आणि त्या वाटाण्यातनं रक्तात एक रस सुटतो. ऑक्सिटोसिन म्हणतात त्याला. त्यानं दूध उतरतं, बाळंतिणीचं पोट आवळतं. तोच रस मेंदूच्या आतल्या आत पाझरला की आईला पोर आपलं वाटायला लागतं. ईश्वरीचा पाझर अडला होता. कानामागं एक नस असते, तिला हे बटण बारीक बारीक ठोके देतं. नस मेंदूला जागं करते, मेंदू रस सोडतो.

"म्हणजे म्हशीला पान्हा यायला सुई टोचायचे, त्यातलं," मी म्हटलं.

"ती सुई बाहेरची होती, आजी. हे तिच्याच अंगातलं आहे." मग बाईनं आवाज जरा जड केला. "एक मात्र ध्यानात ठेवा. बटण बसल्यावर पहिले काही दिवस मेंदूची दारं सताड उघडी असतात. डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत शिरताना मधे एका चौकीवर थांबतं. वासाला ती चौकी नाही. वास नाकातनं थेट आत जातो, बदामाएवढी एक गाठ आहे तिच्यापाशी. भीती तिथंच राहते आणि जिव्हाळाही तिथंच. त्या दिवसांत ज्यांचा वास तिच्या अंगाभोवती असेल, ते तिचे. बाकीचे परके. तेव्हा घरातली माणसं तिच्या जवळ राहू द्या."

"राहणार की. मी जवळच आहे."

पलंगावरनं ईश्वरी म्हणाली, "आत्या, थोडं थांबू या का? मला वाटतं, येईल मला... हळूहळू."

"पोरीला भूक हळूहळू लागते का?"

डॉक्टरबाईनं ईश्वरीला एकटीला विचारलं, तेव्हा तिनं होय म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटण बसलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. आमच्याकडं सोयर पाळतात. मूल झालं की बारसं होईपर्यंत बाळंतिणीला आणि बाळाला घरातलं कुणी शिवत नाही. रणधीर तेवढे दिवस शेडवर झोपायला जातो, मी खोलीत पाय ठेवत नाही. मी बाळंत झाले तेव्हा माझ्या सासूनंही हेच केलं, मी काही मेले नाही. न्हाऊ-माखू घालायला बाहेरची बाई ठेवतात. आम्ही मालन ठेवली. खालच्या वस्तीवरची. हात फावड्यासारखे, तोंडात सदा मिसरी, बोलताना समोरच्याची भीड नाही. पण तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या पाठी तिनं चोळल्यात, ते नाकबूल करता येत नाही.

मी जवळच होते. माडीवरच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून सकाळपासनं दिवेलागणीपर्यंत बसलेली असायची. मालन आत, मी बाहेर, मधे पडदा. धुरीचा धूर तेवढा बाहेर यायचा.

"मालन, तेल कोमट कर. अंडी तळायची नाहीत आपल्याला."

"हाय कोमट."

"पोरीची मान धर. भोपळा आहे का तो?"

"वैनीसाहेब, पोर माझ्या हातात हाय आणि घाम तुम्हाला फुटतोय."

"ईश्वरी, कानाला फडकं बांध. वारं लागेल."

आत फडकं झटकल्याचा आवाज व्हायचा. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासनं आतनं वेगळे आवाज यायला लागले. पोरीचं चुटूचुटू पिणं. ईश्वरीचं हसणं. पडद्याच्या फटीतनं बघितलं, तर ती लेकीच्या टाळूला नाक लावून बसली होती आणि तिचं डोकं मालनच्या खांद्यावर होतं. मालन तिचे केस धुरीवर मोकळे करत होती. दोघींचे डोळे मिटलेले. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, बघा, तुमचे दोन-तीन महिने आठवड्यात उरकले. मी देवापुढं साखर ठेवली.

बारशाला पन्नास बायका आल्या. पाळणा फुलांनी मढवला होता. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहतात आणि बाळाला खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. आजीचा पहिला मान. सोयर फिटलं होतं, मी अंघोळ करून नवं इरकल नेसून पुढं झाले. "आण गं माझी सोनसाखळी," म्हणत ईश्वरीच्या मांडीवरनं पोर उचललं.

ती माझ्या मनगटाला चावली.

थट्टेनं नाही. दात रुतले. घशातनं असा आवाज काढला की पहिल्या ओळीतल्या बायका खुर्च्यांसकट मागं सरकल्या. रणधीर मधे पडला, त्याला नखं ओढली. पोर रडतंय, मी रक्त धरून उभी, आणि स्वयंपाकघराच्या दारातनं मालन खरकट्या हातांनी धावत आली. तिनं नुसता हात पुढं केला. "दे बाय, हिकडं दे." ईश्वरीनं लेक तिच्या हातात दिली आणि तिच्या पदरात तोंड खुपसलं.

पाळण्यात नाव मालननं घातलं. पन्नास बायकांच्या देखत.

इंदुलकरबाई दुसऱ्या दिवशी घरी आली. माझं मनगट बघितलं, वर जाऊन ईश्वरीला बघून आली, मग माझ्यापुढं बसली.

"आजी, तुम्ही तिच्या जवळ राहिला नाहीत का?"

"राहिले की. उंबऱ्याशी."

"उंबऱ्याशी म्हणजे?"

"सोयर होतं आमचं."

"तिला हात लावायचा होता, आजी. शेजारी झोपायचं होतं."

"मग 'शिवा' म्हणायचं! तुम्ही 'जवळ' म्हणालात. आमच्यात जवळ असणं वेगळं आणि शिवणं वेगळं. मी जवळ होते, सगळा गाव सांगेल. एवढं शिकून शब्द नेमका वापरता येत नाही तुम्हाला?"

माझ्यापाशी अजूनही दुसरं म्हणणं नाही.

मग तिनं राहिलेलं सांगितलं. हा रस नुसती माया करत नाही. राखणही तोच करतो. आपल्या माणसाला कवटाळ आणि परक्याला फाड, अशी त्याची दोन तोंडं. बटणानं तो जोरात सुटला, त्यामुळं दोन्ही तोंडं मोठी झाली. माझा आवाज ईश्वरीनं रोज दिवसभर ऐकला, पण माझा वास तिच्या अंगाशी कधीच आला नाही. "शरीर दिसत नाही, वास नाही, नुसता हुकमी आवाज येतोय. त्या बदामाएवढ्या गाठीनं त्याचा अर्थ असा लावला की बाहेर काहीतरी दबा धरून बसलंय."

"दबा धरून," मी म्हटलं. "माझ्याच घरात."

"आणि रणधीर?" मीच पुढं विचारलं.

"तो तिथं नव्हताच," डॉक्टरबाई म्हणाली. "त्याला ती खोलीत येऊ देईल. बाळाला हात लावू देणार नाही."

रणधीर दारात उभा होता. "काढून टाका ते बटण. आत्ता काढा."

"काढता येईल. आईंबद्दलची भीती उतरेल. पण ओढ सगळीच उतरेल, बाळाचीसुद्धा. ती आपली आपण परत येईल की नाही, मी शब्द देऊ शकत नाही."

रणधीरनं माझ्याकडं बघितलं. "आई, तू म्हणशील तसं." लग्न करतानाही त्यानं हेच म्हटलं होतं.

संध्याकाळी ईश्वरीनं वरनं मला फोनवर लिहून पाठवलं. माझा आवाज तिला सोसत नव्हता, म्हणून लिहून. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं. 'आत्या, मला सगळं कळतं. तुम्ही वाईट नाही. मी मनाला सांगते, पण तुम्ही खाली खोकलात तरी हाताला घाम सुटतो आणि दूध अडतं. बटण काढायचं तर काढा. मी परत छताकडं बघायला लागले तर मला त्याचं वाईटही वाटणार नाही. त्याचीच भीती वाटते.'

मी रणधीरला सांगितलं, काढायचं नाही. कुणी मला देवी म्हणू नये. माझं नाक असलेली पोर आईच्या कडेवर असून पोरकी वाढणार, हे मला बघवलं नसतं. आणि बसवायला मी लावलं ते काढायलाही मीच लावलं, असं त्या पन्नास बायकांना बोलू देणं मला जमण्यासारखं नव्हतं. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर मी खाली आणि ती वर. मालन दिवसभर वरच. नातीचं ढेकर, नातीची शिंक, नातीचं पहिलं हसू, सगळं मला मालनच्या तोंडनं कळायचं. "वैनीसाहेब, आज हुंकार दिला बगा पोरीनं. आता सारखी 'माज्याशी बोला' म्हणती." मी कामवाल्यांना हळू बोला म्हणून बोटानं खुणावायची. ज्या घरात आवाज व्हावा म्हणून मी नातवंड मागितलं, त्या घरात मी कुकरची शिट्टी होऊ देत नव्हते.

पोर दोन महिन्यांची झाली तेव्हा मालननं सांगितलं की तिची लेक बारामतीला बाळंत होणार आहे. "माझी पोर हाय ती. मला जायाला पायजे."

"आणि इथलं?"

"इथलं तुमचं हाय की, वैनीसाहेब."

त्यात टोमणा होता का नव्हता, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मालनच्या जाण्याचं बोलणं कानावर गेलं तसं ईश्वरीनं झोपणं सोडलं. आपण झोपलो की कुणीतरी पोर उचलेल, असं तिच्या अंगात बसलं. दुसऱ्या बाईला खोलीत घेईना. रणधीरनं पाळणा हलवायला हात लावला तर तांब्या फेकला. इंदुलकरबाई म्हणाली, अशी चार-पाच दिवस जागी राहिली तर बटण असूनही दूध आटेल, आणि चक्कर येऊन पोर हातातनं पडेल ते वेगळंच. झोपेचं औषध दुधातनं पोरीला जातं. तिच्या अंगाला खात्री पटेल असं माणूस शेजारी बसलं पाहिजे.

"एकच मार्ग दिसतो," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. "मालनच्या अंगावरचं लुगडं. न धुतलेलं. ते नेसून तुम्ही गेलात तर वास आधी आत पोचेल. चौकीवरनं डोळ्यांचा निरोप येईपर्यंत गाठ शांत झालेली असेल. मात्र तोंडातनं शब्द काढायचा नाही. तुमच्या आवाजाला ती पक्की ओळखते."

"किती दिवस करायचं हे सोंग?"

"पोर दूध सोडेपर्यंत. मग बघू."

मालनच्या दारात मी जन्मात कधी गेले नव्हते. तिची माणसंच आमच्याकडं यायची. पत्र्याचं घर, अंगणात पिशव्या भरून ठेवलेल्या, बारामतीची तयारी. मला बघून ती उठली, पण पाट मांडला नाही.

"लुगडं पाहिजे होतं तुझं एक," मी म्हटलं.

"डॉक्टरीणबाईचा फोन आलता मला." ती मिसरी थुंकून आली. "धुतलेलं देऊ का?"

तिला ठाऊक होतं. तरी विचारलं.

"नको. अंगावरचं दे."

"नीट आयकू आलं न्हाई, वैनीसाहेब."

"अंगावरचं दे म्हटलं."

ती आत गेली, दुसरं नेसली, आणि अंगावरचं तसंच चुरगळलेलं माझ्या हातात ठेवलं. खोबरेल, ओवा, धूर, घाम. हिरवं, बारीक काठाचं. "ओळखलंत का? तुमचंच हाय. दोन दिवाळ्यांमागं जुनेर म्हणून दिलं हुतं मला. माजं म्हणून एवढं एकच चांगलं." मग पेटीतनं आणखी एक काढलं, तेही न धुतलेलं. "ह्याचा वास उडला की हे नेसा. जपून वापरा. आनि खांद्यावर सूनबाईचं डोकं आलं की हलू नगासा. ती लगेच उठती."

मी 'बरं' म्हटलं. त्या दारात दुसरं काय म्हणणार होते?

दुपारी मालन एसटीनं गेली. मी खालच्या खोलीत ते लुगडं नेसले. अंगावरनं माझंच कापड आणि नाकात दुसऱ्या बाईचं अंग. बांगड्या काढल्या, त्या वाजतात म्हणून. जिना चढले.

ईश्वरी पोर घट्ट धरून भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजून लाल. तिनं मला बघितलं आणि ओळखलं, हे मी शपथेवर सांगते. पाय आखडले, बोटं पोरीच्या दुपट्यात रुतली. तेवढ्यात तिच्या नाकपुड्या फुलल्या. एकदा, परत एकदा. तिचे खांदे खाली आले. तोंडावर मी असल्याची भीती तशीच होती, पण मानेखालचं सगळं अंग सैल पडत चाललं होतं, जसं काही दोन वेगळ्या बायका तिथं बसल्या आहेत. तिला ते कळत होतं. तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं आणि तरी ती सरकून जागा करत होती.

मी बसले. तिनं लेक माझ्या मांडीवर ठेवली. माझा पदर ओढून नाकाशी धरला, खांद्यावर डोकं टाकलं आणि दोन श्वासांत झोपली. लग्न होऊन आल्यापासनं ती माझ्या अंगाला कधी टेकली नव्हती. आताही मला टेकली नव्हती.

पोर जागं होतं. मी तिला पहिल्यांदा नीट बघत होते. नाक आमचंच. ह्या वयाची पोरं माणसाच्या ओठांकडं बघतात, ते हलायची वाट बघतात. तिनं माझ्याकडं बघून हुंकार दिला. माझ्या जिभेवर किती काय आलं. सोने, बाळे, माझे बाई, माझी सोनसाखळी गं ती. मी दात आवळले. तिनं भुवया उचलल्या, पाय झाडले, जरा मोठ्यानं 'अंग्गं' केलं आणि थांबली. मी नुसती बघत राहिले. तोंड हलवलं असतं तर आवाज आलाच असता. मला गप्प बसायचा सराव नाही. तिनं आणखी एकदा हाक दिली, बारीक, निम्मी. खांद्यावर ईश्वरीचा श्वास संथ चालला होता.

मग नातीनं माझ्याकडनं तोंड फिरवलं आणि खिडकीच्या हलत्या पडद्याकडं बघून बोलायला लागली.